खाडीकाठच्या मैफलीला जाण्यापूर्वी

गेल्या माघात आमच्या जिल्ह्यातील एका गावी, खाडीला लागून असलेल्या मोकळ्या मैदानात, किराणा घराण्याच्या एका ज्येष्ठ गायिकेची मैफल झाली. माझ्या वडिलांनी त्यांचे गाणे रेडिओवर आणि कॅसेटवर जवळजवळ चाळीस वर्षे ऐकले आहे. समोर बसून ऐकण्याचा योग मात्र कधी आला नव्हता, कारण पुण्या-मुंबईचे हिवाळी महोत्सव नेमके आंब्याच्या मोहोराच्या आणि फवारणीच्या दिवसांत येतात आणि बाग सोडून चार दिवस बाहेर जाणे आमच्याकडे कुणालाच जमत नाही. त्यामुळे ही मैफल जाहीर होताच दीड महिना आधी आम्ही तीन तिकिटे काढली. रात्री डोळा लागायला नको म्हणून ७८ वर्षांच्या वडिलांनी त्या दिवशी दुपारी मुद्दाम जास्त झोप काढली. प्रत्यक्षात त्या रात्री आमच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास गाणे आले, आणि तेही तुटक.

गायिकेचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांनी मिळालेल्या वेळात जिवापाड गाण्याचा प्रयत्न केला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. ती मैफल बिघडली ती वेळ, मैदान, वारा आणि फाटक यांच्यामुळे, आणि यांतील प्रत्येक गोष्ट आम्हाला आधी विचारता किंवा पाहता आली असती. कोकणात उघड्यावर होणाऱ्या मैफलीला जाण्यापूर्वी श्रोत्याने काय चौकशी करावी, कुठे बसावे, गर्दी दाटली तर स्वतःला आणि सोबतच्या म्हाताऱ्या माणसांना कसे जपावे, याविषयी त्यानंतर जे शोधले, विचारले आणि समजून घेतले ते येथे सविस्तर लिहीत आहे. गावोगावची जी मंडळे हौसेने आणि पदरमोड करून मैफली करतात, त्यांनाही यातले काही उपयोगी पडावे.

तिकीट काढण्यापूर्वी

पहिली चौकशी वेळेची करावी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. तेव्हा आपल्या कार्यक्रमाची तारीख त्या सवलतीच्या दिवसांत आहे का, हे आयोजकांना स्पष्ट विचारावे. नसेल तर १० वाजता माईक बंद होणार हे गृहीत धरावे आणि मग निमंत्रणपत्रिका पुन्हा एकदा नीट वाचावी.

आमच्या पत्रिकेवर ‘सायंकाळी ठीक ७ वाजता’ असे छापलेले होते. दीपप्रज्वलन साडेसातला झाले. त्यानंतर स्वागतगीत, प्रास्ताविक, देणगीदारांचा सत्कार, पाहुण्यांची मनोगते असे सारे यथासांग पार पडून गायिका मंचावर आल्या तेव्हा पावणेनऊ झाले होते, आणि वाद्ये जुळून पहिला षड्ज लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाला स्वतःची एक चाल असते. त्याला घाई केली तर तो ख्यालच राहत नाही. आलापीला सुरुवात होते न होते तोच कार्यकर्त्यांनी मंचाच्या कडेला उभे राहून मनगटावरचे घड्याळ दाखवायला सुरुवात केली. सत्काराला माझा विरोध नाही. ज्यांच्या पैशांवर कार्यक्रम उभा राहतो त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण तो मध्यंतरात दहा मिनिटांत राखता येतो. म्हणून पत्रिकेत उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी अशी पाच-सहा नावे दिसली, तर फोन करून ‘कार्यक्रम किती वाजता’ असे न विचारता ‘प्रत्यक्ष गाणं किती वाजता सुरू होणार’ असे विचारावे. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर त्यातून काय समजायचे ते समजावे.

दुसरी चौकशी माणसांच्या संख्येची आणि फाटकांची. मधल्या वाटा धरून खुर्चीवरच्या एका श्रोत्याला पाऊण ते एक चौरस मीटर जागा लागते. म्हणजे ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद मैदानात मंच वगळून फार तर बारा-पंधराशे माणसे नीट बसू शकतात. तिकिटे किती विकली, प्रवेशिका किती वाटल्या आणि बसण्याचे क्रमांक प्रत्यक्ष पाळले जाणार का, हे विचारायला संकोच करू नये. आमच्या तिकिटांवर चौदाव्या रांगेतील क्रमांक होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती रांग प्रवेशिकाधारकांनी भरलेली होती आणि पुढच्या दोन रांगांच्या जागी सोफे आले होते. स्वयंसेवकाने हात जोडून आम्हाला मागे, भजीच्या गाड्याशेजारी, तीन खुर्च्या मांडून दिल्या.

फाटकांचे गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून ते सांगतो. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या मोकळ्या वाटेतून, कुणी ढकलाढकली न करता, मिनिटाला साधारण ८० माणसे बाहेर पडू शकतात. आपल्याकडे मैदानांना आणि आवारांना जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, असतो आणि त्याला टेम्पो आत जाईल एवढे एकच फाटक असते. त्यातली अर्धी जागा तिकीट तपासण्याच्या टेबलाने आणि स्वागतकमानीच्या खांबांनी व्यापली की मोकळे दोन मीटरही राहत नाहीत. दोन मीटर धरले तरी २००० माणसांना बाहेर पडायला बारा-तेरा मिनिटे लागतात, आणि तीही सर्व जण एकाच दिशेने, शिस्तीने चालत असतील तरच. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात गाण्याचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी पाऊस आला, बाहेर थांबलेली माणसे आसऱ्यासाठी खुल्या प्रेक्षागृहाच्या दारातून एकदम आत लोटली, आणि उतरत्या पायऱ्यांवर पडून ४ जणांचा जीव गेला. किनाऱ्यावरच्या प्रदेशात अवेळी पाऊस येतो हे कुणालाच नवीन नाही, तेव्हा दुसरे फाटक आहे का, आणि ते कुलूप लावून ठेवतात की उघडे ठेवतात, हे विचारण्यात काहीही अतिशयोक्ती नाही. शक्य असल्यास आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन ती जागा पाहून यावी.

वारा, दव आणि आवाज

किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा वाहतो. सूर्य बुडाल्यावर जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते आणि रात्री वारा फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, त्याला मतलई म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी याच मतलईवर पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. आता या वाऱ्याचा गाण्याशी संबंध असा की जमिनीलगत वारा मंद असतो आणि वर गेल्यावर त्याचा वेग वाढतो. त्यामुळे वाऱ्याबरोबर जाणारा आवाज जमिनीच्या दिशेने वाकतो आणि दूरपर्यंत ऐकू येतो, तर वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर उचलला जाऊन मागच्या रांगांच्या डोक्यावरून निघून जातो.

बहुतेक मंडळे मंचाची पाठ पाण्याकडे ठेवतात, कारण मागे खाडी दिसते आणि छायाचित्रे चांगली येतात. साउंडवाला संध्याकाळी सहाला चाचणी घेतो तेव्हा खारा वारा मंचाच्या पाठीमागून श्रोत्यांकडे वाहत असतो, आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळे स्वच्छ ऐकू येते. आमच्याकडेही असेच झाले. नऊच्या सुमारास वारा फिरला. मतलई काही जोरकस नसतो, तरी प्रत्येक झुळकीबरोबर आवाज येऊ-जाऊ लागला. बंदिशीचा पहिला शब्द कानावर पडे आणि दुसरा हरवे. मागून ‘आवाज वाढवा’ अशी ओरड सुरू झाली. आवाज वाढवला तशी पुढच्यांच्या कानठळ्या बसू लागल्या आणि माईकने शिट्टी घातली. वडील उजव्या कानामागे तळहात धरून, डोळे मिटून बसले होते. शिट्टी वाजली की तो हात खाली येई, आणि ती थांबली की पुन्हा हळूच वर जाई.

आयोजकांनी चाचणी रात्री नऊनंतर, आदल्या दिवशी, वारा फिरल्यावर घ्यावी. मंच शक्य असल्यास वाऱ्याच्या दोन्ही दिशांना आडवा, म्हणजे उत्तर-दक्षिण, ठेवावा. श्रोत्याच्या हातात जागा निवडण्याएवढेच असते, पण तेही थोडे नाही. स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की उघड्यावर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून मंचापासून दहा ते वीस मीटरांच्या पट्ट्यात, दोन्ही बाजूंच्या स्पीकरांच्या मधोमध बसावे. अगदी पहिल्या रांगेत बसले तर एकाच बाजूच्या स्पीकरचा मारा कानावर बसतो. साउंडवाल्याचे टेबल मैदानात जिथे मांडलेले असेल त्याच्या आसपासची जागा सर्वांत भरवशाची, कारण तो स्वतःच्या कानाला जसे लागेल तसेच सगळे जुळवत असतो.

मैदान लांब असेल तर मध्ये आणखी स्पीकर उभे करतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे मंचावरचा आवाज ५० मीटरांवर पोहोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो, पण तारेतून तोच आवाज मधल्या स्पीकरमध्ये तत्क्षणी पोहोचतो. हा फरक यंत्रावर भरून काढावा लागतो. तो काढला नसेल तर तबल्याची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते आणि द्रुत लयीत सगळा गोंधळ होतो. असे जाणवले तर मध्यंतरात साउंडवाल्याला जाऊन नम्रपणे सांगावे. ही दुरुस्ती दोन मिनिटांची असते आणि त्याला ती आपल्या टेबलाशी बसून कळत नाही.

दवाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण त्यावरून श्रोत्यांचा फार गैरसमज होतो. पौष-माघात खाडीकाठी रात्री आठनंतर दव उतरू लागते. तबल्याची पुडी कातड्याची. ती ओलावा शोषते, सैल पडते आणि तबला उतरतो. त्याच वेळी मंचावरचे दिवे जवळ असतील तर एका बाजूने ती तापते आणि चढते. त्या रात्री मी थोडा वेळ पुढे जाऊन उभा राहिलो होतो. तबलजी डाव्या हाताने पंचाच्या टोकाने पुडीवरचा दमटपणा टिपत होते, हातोडीने एकेका घरावर हलका ठोका देत होते, कान खाली नेऊन ऐकत होते आणि पुन्हा तेच करत होते. चार-पाच मिनिटे सूर जुळे आणि तो परत घसरे. तंबोऱ्याचेही तसेच झाले, तारांखालचे जवारीतले सूत पुन्हा पुन्हा सरकवावे लागले. माझ्या मागे कुणीतरी मोठ्याने म्हणाले, ‘अजून किती ठोकतायत?’ आणि तिथून जी कुजबूज सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही. वाद्य जुळत नाही हा वादकाचा आळस नसतो, ते हवेशी झगडणे असते, आणि त्या वेळी शांत बसणे ही श्रोत्याची कलाकाराला मिळणारी सर्वांत मोठी मदत असते. मंडळांनी मंचाला वरून आणि तिन्ही बाजूंनी जाड कापड लावावे, वाद्ये अर्धा-पाऊण तास आधी मंचावर आणून त्यांना तिथल्या हवेची सवय होऊ द्यावी आणि दिव्यांचा झोत थेट वाद्यांवर पाडू नये.

जनरेटर मैदानाबाहेर, गडग्याच्या किंवा एखाद्या इमारतीच्या आडोशाला, निदान पन्नास-साठ मीटरांवर हवा, आणि खाण्याचे गाडे फाटकाबाहेर. याबद्दल वाद घालण्यासारखे काही नाही.

आवाज पोहोचेल एवढीच माणसे का बसवावीत, हे आपल्या दशावताराकडे पाहिले की सहज उमजते. जत्रेच्या रात्री देवळासमोर माणसे जमिनीवर, तिन्ही बाजूंनी, अगदी जवळ बसतात. पेटी, पखवाज आणि झांज यांचा आवाज पोहोचेल एवढाच तो घेर असतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालते. ख्याल गायकीही मुळात छोट्या बैठकीतली कला आहे. ती पाचशे माणसांच्या पलीकडे नेताना काय गमावले जाते, याचा विचार तिकिटांची संख्या ठरवतानाच झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. रत्नागिरीला थिबा राजवाड्याच्या आवारात होणाऱ्या संगीत महोत्सवाला अनेक जण आवर्जून जातात, त्यामागे ती १९१० साली बांधलेली वास्तू पाठीशी असण्याचा आणि आवार आटोपशीर असण्याचाही वाटा आहे.

वाळूवर बसायचे असेल तर

हल्ली पौर्णिमेच्या रात्री थेट किनाऱ्यावर कार्यक्रम ठेवण्याची हौस वाढली आहे. त्यांनी तिथीचा हिशोब जरूर करावा. किनाऱ्यावरची जाणती माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. हा अंदाज असला तरी कामापुरता पुरेसा असतो. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी असते, वाळू लांबवर उघडी पडते, कार्यकर्ते खूश होऊन तिथवर खुर्च्या मांडतात, आणि रात्र चढते तसे पाणी वर येऊ लागते. शिवाय पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, ती नेहमीच्या रेषेच्याही वर येते. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी ओळ दिसते ती मागच्या भरतीची खूण, आणि त्या ओळीच्या समुद्राकडच्या बाजूला खुर्ची दिली तर ती घेऊ नये. चतुर्थी-पंचमीच्या आसपास मात्र रात्री नऊ-दहाला ओहोटी असल्यामुळे कार्यक्रम निर्धास्तपणे होऊ शकतो.

पोहोचणे, बसणे आणि सोबतची माणसे

गावात येणारी वस्तीची एसटी रात्री आली की पहाटेच परत निघते, त्यामुळे मैफल सुटल्यावर परतीची सोय स्वतःच करावी लागते. गाडी नेली तर ती मैदानाजवळ नेण्याचा मोह टाळावा. दोन्ही बाजूंना गडगे असलेल्या एकेरी रस्त्यावर लोक मिळेल तिथे गाड्या लावतात आणि मग ना कुणाला बाहेर पडता येते ना रुग्णवाहिका आत येऊ शकते. पाव मैल अलीकडे, तोंड परतीच्या दिशेला करून गाडी उभी करावी आणि चालत जावे. म्हातारे माणूस सोबत असेल तर आधी त्यांना फाटकाशी उतरवून कुणाला तरी त्यांच्याजवळ थांबवावे.

हजार-दोन हजार माणसे एका जागी जमली की मोबाईलचे नेटवर्क हमखास बसते. चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आत जाण्यापूर्वीच ठरवावे, आणि ती खूण फाटकाबाहेरची असावी: देवळाची दीपमाळ, शाळेची पाटी, एखादे बंद दुकान. सोबत विजेरी, पाण्याची बाटली, कानटोपी आणि जमिनीवर पकड घेणारी चप्पल असावी. स्वच्छतागृह कुठे आहे हे आल्याबरोबर पाहून ठेवावे. बायकांसाठी आणि वृद्धांसाठी ही सोय नसेल, तर माझ्या मते त्या मंडळाने तिकीट लावूच नये.

लहान मुले सोबत असतील आणि जागा स्पीकरजवळची मिळाली असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे त्यांच्या कानांत घालावेत, कारण साध्या कापसाने फारसा फरक पडत नाही. ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसाच्या दिवसांत, कार्यक्रम असेल तर ‘दामिनी’ हे विजेची सूचना देणारे अ‍ॅप फोनवर असू द्यावे. गडगडाट ऐकू येताच लोखंडी मांडव आणि माडांची झाडे यांपासून दूर होऊन पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे.

गर्दी दाटू लागली तर

नऊ वाजल्यावर आमच्या आयोजकांनी फाटक सर्वांना खुले केले. गावातले लोक वंचित राहू नयेत ही त्यामागची भावना चांगली होती, यात शंका नाही. परंतु आत जागा उरली नव्हती, आणि आम्ही दहाला वीस मिनिटे असताना उठलो तेव्हा आत येणारा लोंढा आणि बाहेर पडणारी माणसे त्या एकाच फाटकात समोरासमोर आली.

एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसे असली तर मोकळेपणी हलता येते. चार झाली की सावध व्हावे. पाच-सहा झाली की आपण स्वतःच्या पायांनी चालत नसतो, गर्दी आपल्याला नेत असते. मोजायला टेप लागत नाही. दोन्ही खांदे अनोळखी माणसांच्या खांद्यांना सतत लागत असतील, नाक पुसायला हात वर नेता येत नसेल, किंवा मागून आलेला धक्का लाटेसारखा आपल्यातून पुढे जात असेल, तर त्या क्षणी बाहेर पडण्याचा निर्णय घ्यावा. गाणे कितीही आवडीचे असो. अशा गर्दीत माणसे बहुधा तुडवली जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास न घेता आल्यामुळे दगावतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर आडवे धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. एक पाय पुढे, एक मागे असे उभे राहावे. धक्का आला की त्याला विरोध करू नये. तो ओसरतो त्या क्षणी तिरके, कडेच्या दिशेने, एकेक पाऊल सरकावे. ओरडण्यात श्वास घालवू नये. चप्पल, फोन, पर्स, काहीही खाली पडले तरी वाकू नये. पडलोच तर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी डोके झाकावे आणि जमेल तितक्या लवकर उठावे. भिंतीला किंवा गडग्याला चिकटून उभे राहणे सुरक्षित वाटते, पण ते सर्वांत धोक्याचे, कारण मागे सरकायला जागाच उरत नाही.

आम्ही नेमकी हीच चूक केली. वडिलांना आधार मिळावा म्हणून मी त्यांना गडग्याकडे घेतले आणि आम्ही तिथेच अडकलो. शेजारच्या एका अनोळखी तरुणाने परिस्थिती ओळखून दोन्ही हात जांभ्याच्या दगडांवर टेकले आणि स्वतःच्या पाठीवर धक्के घेत वडिलांभोवती कमानीसारखी जागा राखली. मला नंतर त्याचे नावही विचारता आले नाही. आठ-दहा मिनिटांनी लोंढा ओसरला तेव्हा वडिलांच्या एका पायात चप्पल नव्हती आणि सदऱ्याच्या बाहीला जांभ्याचा तांबडा रंग लागला होता. वृद्ध माणूस सोबत असेल तर मध्यंतर होण्याच्या किंवा कार्यक्रम संपण्याच्या दहा मिनिटे आधी तरी निघावे, नाहीतर शेवटची माणसे बाहेर पडेपर्यंत खुर्चीवरच बसून राहावे. मधल्या वेळी उठू नये. कुणी गुदमरले, बेशुद्ध पडले तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक लावावेत, आणि नेटवर्क नसेल तर मंचावरून माईकवर घोषणा करवून घ्यावी. त्या घोषणेसाठी गाणे थांबवावे लागले तरी कोणताही कलाकार त्याला नकार देणार नाही.

नंतर काय करावे

तिकीट, पैसे भरल्याची फोनवरची पावती, पत्रिका आणि जाहिरात जपून ठेवावी. फाटक, भरलेल्या वाटा आणि आपल्या क्रमांकाची रांग (खुर्चीवर बसलेली माणसे नव्हेत) यांची दोन-चार छायाचित्रे तिथेच काढून ठेवावीत. आठवड्याच्या आत आयोजकांना साधे पत्र लिहावे. गाणे आवडले नाही, आवाज नीट नव्हता, असल्या तक्रारींना पुढे फारसा आधार मिळत नाही. पण तिकिटावर छापलेली जागा दिली नाही, जाहीर केलेली वेळ पाळली नाही, क्षमतेपेक्षा जास्त माणसे आत घेतली, या गोष्टी तारीख-वेळेसह लिहिता येतात.

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. कार्यक्रम विनामूल्य असेल तर हा मार्ग उपलब्ध नसतो. अशा वेळी फाटक आणि गर्दीविषयीचे पत्र ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद आणि पोलीस ठाणे यांना द्यावे, म्हणजे पुढच्या परवानगीच्या वेळी ते कागदांत असते.

आम्ही पत्रात चार गोष्टी मागितल्या: तिकिटांचे पैसे, पत्रिकेत गाणे सुरू होण्याची स्वतंत्र वेळ, क्रमांकाप्रमाणे बसवण्याची व्यवस्था आणि दुसरे फाटक. मंडळाच्या सचिवांनी स्वतः घरी येऊन पैसे परत केले, वडिलांची विचारपूस केली, आणि यंदाच्या पत्रिकेत ‘प्रत्यक्ष गायन ७.१५’ अशी ओळ वेगळी छापली आहे. खुर्च्यांची जबाबदारी चार स्वयंसेवकांकडे दिल्याचे कळते. दुसऱ्या फाटकासाठी शेजारच्या वाडीतून वाट काढावी लागेल आणि तिथल्या मालकाशी बोलणे चालू आहे, असे त्यांनी सांगितले. ते ठरल्याचा निरोप आल्यावर आम्ही तिकिटे काढणार आहोत.